पंख्यात तेल भरताना

— नाही, नाही, इंजिनाला बोल लावू नका, जावईबापू, इंजिन बिचारं ठणठणीत आहे. रेडिएटरही साफ आहे, मघाशी तुमच्यासमोरच पाणी सोडून पाहिलं. दोष आहे तो या जाडजूड चकतीत — ही बघा, बाकावर काढून ठेवलीय ती. पंख्याचा क्लच. पंखा आणि इंजिन यांच्यामधला मध्यस्थ म्हणा. बोटानं फिरवा. फिरवा की! कसा गरगर फिरतोय, भिंगरीसारखा? तसा फिरता कामा नये. याच्या आत दाट तेल असतं, इंजिन तापलं की ते दोघांना धरून ठेवतं आणि मग पंखा जीव तोडून फिरतो. तुमचं तेल गेलंय गळून. म्हणजे पंखा फिरताना दिसतो, वारा मात्र काडीचा नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं छान चाललंय. अशी पुष्कळ घरं — ते जाऊ द्या.

बसा ना. त्या टायरवर बसा, पुसलाय मी. आत कशाला जाताय? आत मायलेकींचं बॅग भरणं चाललंय, आणि बायकांचं बॅग भरणं म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे — भरतात, उपसतात, पुन्हा भरतात. येईल तयार होऊन. चहा घ्या. मीच केलाय, म्हणून जरा तसाच झालाय. गोड मानून घ्या. आणि मी सांगतो, हे काम आज झालेलं बरं. येताना तुम्हाला खिंडीच्या चढावर किती वेळा थांबावं लागलं? तेच म्हणतो. बॉनेट उघडायचं, वाफेपासून तोंड चुकवायचं, बाटलीनं पाणी ओतायचं, निवेपर्यंत दगडावर बसायचं. आता परत तोच चढ, आणि बरोबर माझी मुलगी. तुम्ही उन्हात उभे, इंजिन तापलेलं, तुम्ही तापलेले — नको. सासरा मेकॅनिक असल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा माणसाला.

ही वरची गुंडाळलेली पट्टी बघा. रेडिएटरमधून गरम वारा आला की ही वळते आणि आतली वाट उघडते. ही काढली की खाली पिन, आणि पिनेखाली हे एवढंसं भोक. सिरिंजनं भरायचं त्यातून. सुई नाही लागत, नुसतं तोंड टेकवायचं आणि दाबायचं — हळू. काय घट्ट तेल आहे बघा, मधाला लाजवील. घाई केली की आत हवा कोंडते आणि सगळं बाहेर. — ठाऊक आहे मला तुम्हाला घाई आहे. तुम्हाला नेहमीच असते. ताट वाढायला उशीर झाला की घाई, दार उघडायला उशीर झाला की घाई. चिमी सांगत — नाही, चिमी काही सांगत नाही हो. ती कुठली सांगतेय! लहानपणी पाय मोडला होता तरी दोन दिवस लंगडत होती, म्हणे काही नाही, मुंगी चावली. तशीच आहे अजून. आपणच ओळखायचं.

दारावरून आठवलं. तिचा डावा कान दाखवला डॉक्टरांना. म्हणाले पडदा फाटलाय. मी म्हटलं, हो, दारावर आपटली, जावयांनी फोनवर सांगितलं तसं. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, दारावर आपटून कपाळ फुटतं, नाक फुटतं, कानाचा पडदा असा फाटत नाही. आता डॉक्टर लोकांना काय, पुस्तकी माणसं, त्यांना तुमच्याकडच्या दारांची कल्पना नसणार. आमच्या घरातही दारं आहेत, लग्न झाल्यापासून तीच आहेत, पण एकानं कधी कुणावर हात टाकलेला नाही. तुमच्याकडची जरा — तो पाना खाली ठेवा, जावईबापू. नाही, जड आहे म्हणून म्हटलं. पायावर पडला तर उगाच. — हां. त्या फडक्यावर ठेवा. कुठं होतो मी? तेल.

अजून घेतंय बघा, तहानलंय. चौकातला वेल्डर आहे ना, तो हे काही करत नाही, सरळ क्लचला वेल्डिंग मारतो. कायमचं जोडून टाकायचं, तक्रारच नको! मग तो पंखा बाराही महिने बोंबलतो, डिझेल खातो आणि एक दिवस पातं तुटून रेडिएटरमध्ये घुसतं. आणि दुसरा, हमरस्त्यावरचा, तो मुद्दाम कमी भरतो. सपाट रस्त्यावर कळत नाही, चढाला लागलं की गिऱ्हाईक परत त्याच्याच दारात. बुद्धी आहे हो माणसाला. मला नाही जमत. मी म्हणत नाही मी फार सज्जन आहे, पण हातात काम आलं की कमी करायला हात वळतच नाही. तुमच्या सासूबाईंचा यावरून माझ्यावर जन्माचा राग. काल रात्रीसुद्धा म्हणाल्या, तुम्हाला फक्त त्याला गुंतवून ठेवायचंय, बाकी काही — म्हणजे तुम्हाला हो, पाहुणचारात. जावई आले की गुंतवून ठेवायला नको का? — झालं. आता बोटानं फिरवा. बघा! जोर लागतोय की नाही? बोट काढलं की जागच्या जागी थांबतोय. याला म्हणतात क्लच.

धरा जरा पंखा, मी नट आवळतो. तिरका नको. हां. — परत तिकडं काय बघताय? खिडकी बंद आहे कारण उन्हं येतात. बसा गाडीत, चावी फिरवा. हा पुठ्ठा मी रेडिएटरपुढं धरतो, म्हणजे लवकर तापेल. जरा रेस ठेवा. काटा बघत राहा आणि सांगा मला. — चढतोय? चढू द्या. — अजून? चढू द्या हो, घाबरता काय. — लाल पट्ट्याजवळ? आता पुठ्ठा काढला. आता ऐका. ऐका... हा! धरलं! हे घोंघावणं ऐकलंत? विमान उठल्यासारखं? आता काटा बघा. उतरतोय ना? उतरणारच. भर दुपारी, गाडी भरून माणसं घ्या आणि खिंड चढा, काटा मध्यावरून हलायचा नाही. माझा शब्द. थांबायचं नाव नको.

थांबा — तो हॉर्न ऐकलात? लांबचा? वळणावरचा. नाही, काही नाही. बस आहे. रोज वाजवते त्या वळणावर, गाव सोडताना.

हाक मारू म्हणता? मारून उपयोग नाही, जावईबापू. घरात कुणी नाही. — नका उतरू, खरंच सांगतो, जाऊन बघितलंत तरी रिकाम्या खोल्याच दिसतील. तुम्ही चहा पीत होतात तेव्हाच मायलेकी मागच्या दारानं गेल्या. ते दारही बिचारं काही बोललं नाही. ओरडा, ओरडा मोकळेपणानं, शेजारी सगळे कामावर गेलेत. आता सांगायला हरकत नाही म्हणून सांगतो — बसमध्ये आहेत दोघी, खिंडीपलीकडच्या स्टेशनावर उतरतील आणि पुढं कुठली गाडी धरतील ते मला विचारू नका, मी मुद्दामच विचारून ठेवलेलं नाही. किती वर्षं मान खाली घालून तुमच्याशी बोललो मी! या बसा, चहा घ्या, जावईबापू, जावईबापू. आज तुम्ही बसलात टायरवर आणि मी बोलत होतो. मागं लागायचं म्हणता? लागा की. बस म्हातारी आहे, चढावर कण्हत-कण्हत जाते, सायकलवालासुद्धा गाठेल तिला. पण तुम्ही? तुमचं काय होतं त्या चढावर मला ठाऊक नाही का? अर्ध्यावर जाल, काटा लालमध्ये, बसाल दगडावर बाटली घेऊन, आणि तोवर ती —

हसताय कशाला?

हसताय कशाला म्हणतो मी?

— बंद करा. गाडी बंद करा जरा. तेल जास्त पडलंय बहुतेक. हो, जास्तच पडलंय, थोडं काढावं लागेल, तसंच नेलंत तर सील फुटतं, मी सांगतो ना, मला कळतं यातलं, दहा मिनिटांचं काम आहे, उतरा खाली. चावी द्या इकडं. — बरं, चहा तरी आणखी — अहो, ती काही म्हणाली नाही तुमच्याविरुद्ध, एक शब्द नाही, मीच म्हटलं जा, मीच, तिला काही करू नका, जे काय करायचं ते मला — जावईबापू. अहो. ऐका.

नाही. बाजूला होणार नाही. हा इथं उभा राहिलो, तुमच्या गाडीच्या तोंडापुढं. हॉर्न वाजवून काय होतंय, मी काय ढोर आहे? फाटक एकच आहे आणि ते माझ्या पाठीमागं आहे. टाका गिअर. टाका की. तुम्हाला घाई आहे ना? माझा सदरा बघा कसा जाळीकडं ओढला जातोय, बटणं तुटतील — काय ओढतोय पंखा, काय ओढतोय! एवढं चांगलं काम मी आयुष्यात कधी —