आजेसासूचं कडं

फेरीबोटीच्या रांगेत माझ्यापुढे आस्लाउग आणि तिची शेजारीण गुन्वोर.

"नाताळची बिअर यंदाही आंबट?" गुन्वोरनं विचारलं.

"सलग तिसऱ्यांदा. पिंपं, नळ्या, झाकणं घासून हात गेले गं."

"जुनिपरच्या डहाळ्या उकळलेल्या पाण्यानं धुतलीस?"

"धुतली की. शेवटी सुनेला म्हटलं, आता तूच बघ. तिनं दिसेल ते उकळलं. आजेसासूचं लाकडी कडंसुद्धा."

"ज्यावर खमीर वाळवतो ते?"

"तेच. म्हणाली, केवढा मळ साचला होता."

"अगं बाई. शंभर वर्षांचं खमीर."

"आता लखलखीत आहे. खिळ्याला टांगलंय."

"माझ्याकडचं खमीर ने. तुझ्या सासूनंच दिलेलं."

"तुझी बिअर कशी झाली?"

"आंबटच. चार वर्षं झाली. पाहुण्यांना सांगते, तुझ्या सासूच्या हातची चव आहे."