उरलेला पट्टा

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, माझे सहकारी, पहिल्या रांगेतून माझ्यावर डोळे वटारणारी माझी थोरली बहीण, आणि मित्रहो,

आपण सगळे माझ्याबद्दल फार चांगलं बोललात. ‘फुलपाखरांची आई’ म्हणालात. आभारी आहे. पण मघापासून खिडकीबाहेर जी घरघर चाललीय ना, तिच्यात माझा जीव अडकलाय. ते आपलं गवत कापायचं यंत्र आहे. खुर्चीत बसता बसताच मी अध्यक्षांच्या कानात सांगितलं, “साहेब, तो शेवटचा पट्टा आहे, थांबवा.” साहेब म्हणाले, “बाई, आधी कार्यक्रम तर होऊ दे!” म्हणून थोडक्यात बोलते.

मी या फुलपाखरांच्या माळावर नोकरीला रुजू झाले तेव्हाचे साहेब म्हणायचे, गवताला हात लावायचा नाही. कुंपण घातलं. गुरं बंद, कापणी बंद. झालं काय? झुडपं माजली, खालची रानफुलं उन्हावाचून गेली आणि त्यांच्या पाठोपाठ फुलपाखरं. नंतरच्या साहेबांना माळ कसा गालिच्यासारखा हवा! सरसकट कापलं. अहो, गवताच्या त्या पात्यांवर अंडी असतात, अळ्या असतात. फुलपाखरू उडून जाईल, अळी कुठे जाणार? एक तर दाढीच करायची नाही, नाहीतर कातडीसकट सोलायचं. मधलं काही सुचतच नाही का आपल्याला?

मधलं एवढंच होतं, की माळाचे तीन पट्टे पाडा, दरवर्षी एकच कापा, बाकीचे उभे ठेवा. हे पटवण्यात माझी सगळी नोकरी गेली. ताई म्हणायची, “नवऱ्याशी भांडली नाहीस तेवढी गवतावरून भांडतेस.” खरंय. नवरा ऐकायचा.

आणि या आठवड्यात काय व्हावं? माझ्याच निरोपाला पाहुणे येणार, जरा स्वच्छ दिसायला हवं, म्हणून दोन पट्टे भुईसपाट! तिसरा आत्ता, गाड्या लावायला. चीड येते हो. आजच्या दिवशी चिडू नये हे कळतं, तरी येते. या मोसमातल्या उरल्यासुरल्या अळ्या त्याच पट्ट्यात आहेत. त्या गेल्या तर पुढच्या वर्षी इथे उडणार कोण?

साहेब, फोन आपल्या खिशातच आहे. माझं भाषण राहू द्या, तेवढा फोन आधी...

थांबलं. ऐकलंत? यंत्र थांबलं.

नका, टाळ्या नका वाजवू. साहेबांनी फोन केलेला नाही. मला इथून दिसतंय. चालक खाली उतरून घाम पुसतोय, आणि त्याच्यामागे पार कुंपणापर्यंत सगळं सपाट आहे.

तेव्हा आता घाई नाही. आयोजकांचे आभार, पाहुण्यांचे आभार, चहापाण्याचं पाहणाऱ्यांचेही आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. मघाशीच उठून खाली पळत जायचं सोडून मी इथे बोलत उभी राहिले. ते मात्र पोटात घालू नका.