भिंतीपलीकडचं कपाट

नाही पण मी म्हणतो, एवढं सोपं होतं तर स्वतःच करायचं ना! पावाची नवी भट्टी मेव्हण्याची, भिंत त्याची, भिंतीपलीकडची खोली त्याच्या आईची, म्हणजे माझ्या सासूबाईंची... आणि घाम कुणाला? मला! का, तर मी इंजिनिअर. "दाजी, थरच तर मोजायचेत!"

तुम्हाला सांगतो, आगीच्या बाजूने निघालो. आधी भट्टीची वीट, मग लोकरीसारखं भरण, मग साधी वीट, वर गिलावा. प्रत्येकाची जाडी घ्या, तो उष्णता किती अडवतो ते काढा, बेरीज करा... पुन्हा करा! सासूबाईंकडची बाजू चाळीस अंशांच्या वर जात नाही. हाताला कोमट. मेव्हणा खूश. "बघा, थरच तर मोजायचे होते!"

पेटवली भट्टी. मी पलीकडे, तळहात भिंतीला. कोमट. दुपारीही कोमट. मग सहज कपाटामागे हात घातला आणि... चटका! अहो, लाकडी कपाट भिंतीला टेकलेलं, आत कपडे ठासून. म्हणजे तोही थरच की! आलेल्या उष्णतेला पुढे वाट नाही, मग भिंत तापणार नाही तर काय? आणि तो मी मोजलाच नव्हता! कपडे माझ्या बायकोचे. ती गेल्यावर सासूबाईंनी इथे आणून ठेवलेले. त्या कपाटाकडे मी बघतच नाही, मोजणार काय?

"विझव!" मी ओरडलो.

"दाजी, आत पाव आहेत!"

"पाव गेले खड्ड्यात, लाकूड पेटेल!"

आला धावत. दोघांनी खांदा लावून कपाट ओढलं, तर सासूबाई मध्येच. "आई, सरक ना!" कसल्या सरकतायत! त्यांनीच दार उघडलं, कुठे करपलंय का बघायला कपड्यांत दोन्ही हात घातले... आणि काढेचनात.

"जावईबापू, गरम आहेत हो. आत्ता अंगावरून काढल्यासारखे."

मेव्हणा भिंतीकडे बघतोय, मी फरशीकडे. कपाट हातभर लांब ठेवलं, मिटला प्रश्न. कसला मिटतोय! दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाईंचा निरोप: "आज गार लागतायत. मागे ढकला."

सांगा, हे कुठल्या सूत्रात बसवू? पुन्हा आकडेमोड केली, लाकूड पेटणार नाही एवढी फट काढली आणि ढकललं. मेव्हणा म्हणाला, "थरच तर..." आणि भट्टीकडे वळला.

आता रोज जातो तिथे. भिंत तपासायला, दुसरं काय! मेव्हण्याला तसंच सांगितलंय.