उर्सुला मॅडम आणि ढेकणांचं औषध

नाही, पण मला एक सांगा, देवरेंच्या घरी कमोड बसवा असं जर्मनीने कळवलं होतं का? नव्हतं! कळवलं होतं शाळेने! आमची कन्या साक्षी नववीत, तिच्या शाळेत जर्मनीहून एक शिक्षिका येणार, उर्सुला मॅडम, दहा दिवस कुणातरी पालकाच्या घरी राहणार, आणि ज्यांच्या घरी राहणार त्यांच्या पोराला मे महिन्यात जर्मनीला नेणार... एवढं ऐकल्यावर कोण शुद्धीवर राहील हो? चाळीस पालकांनी फॉर्म भरले आणि मॅडमनी तिकडे बसून घर निवडलं कुणाचं? धनराज देवरे, सिडको, नाशिक! अंबडच्या कंपनीत क्वालिटीला असलेला साधा माणूस! गंगापूर रोडच्या बंगलेवाल्यांचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही.

तर प्रिन्सिपल पल्लवी मॅडमनी बोलावलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "देवरे, शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे!" हातात ही एवढी यादी ठेवली. कमोड हवाच, घरात मोठ्याने बोलायचं नाही, ढेकर द्यायचा नाही, तिखट नाही, फोडणीचा ठसका नाही... मी म्हटलं, "मॅडम, आमचं किचन केवढं, ठसका जाणार कुठे?" "देवरे! इज्जतीचा प्रश्न!"

झालं! बायकोने, म्हणजे दीपमालाने, कॉर्नफ्लेक्सचे सहा डबे आणले. सहा! माणूस एक, दिवस दहा! मग काट्या-चमच्यांची प्रॅक्टिस. तुम्हाला सांगतो, बाजरीची भाकरी काट्याने खाऊन बघा एकदा, माझा पहिला तुकडा टीव्हीवर जाऊन आदळला! आणि चार दिवसांत गवंडी आणून, फरशी फोडून, कमोड. आता हे सांगताना जरा... असो, सांगूनच टाकतो. माझी आई, भागीबाई, सहा वर्षं झाली, गुडघे धरून सांगत होती, "धनराज, बठता येत नही रे, ते खुर्चीवालं बसाड." आम्ही म्हणत होतो, बघू. दिवाळीनंतर बघू. सहा दिवाळ्या बघितल्या आम्ही!

आणि कमोड बसला त्याच दिवशी दीपमाला हळूच म्हणते, "अहो, आईंचं काय करायचं?" जुन्या सोफ्याचं विचारावं तसं! पण मी तरी काय, लगेच विचारात पडलो. कारण आई आमची सटाण्याकडची, बोलणार अस्सल अहिराणीत, आणि आवाज असा की सटाण्याला फोन लावायची गरज नाही, नुसतं दारात उभं राहायचं! सकाळी उंबऱ्यात बसून मिश्री लावणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय रे, कथा चालना?" म्हणजे कुठे चाललास, असं विचारणार... शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे, देवरे! मग मी, पोटच्या पोराने, आईला तोंडावर सांगितलं, "आई, घरात ढेकूण झालेत, औषध मारायचंय, फार वास येतो, तू पंधरा दिवस आशाताईकडे सटाण्याला जा." गेली बिचारी लेकीकडे. जाताना मलाच म्हणते, "तू बी नाकले रुमाल बांध रे भाऊ."

आल्या उर्सुला मॅडम. उंच, हसऱ्या, हात जोडून नमस्कार वगैरे. पहिल्या दिवशी कॉर्नफ्लेक्स खाल्ले. दुसऱ्या दिवशी खाल्ले. तिसऱ्या दिवशी वाटीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं... आम्ही तिघं ओळीने बसून काट्याने इडली कापतोय, आवाज नाही, सुतकात बसल्यासारखे! मॅडम उठल्या, हळूच आतल्या खोलीत डोकावल्या, गॅलरीत डोकावल्या, परत आल्या आणि विचारतात, "व्हेअर इज ग्रँडमदर?"

माझ्या हातातला काटा पडला. म्हटलं यांना कसं कळलं? तर त्यांनी पिशवीतून कागद काढला. आमचाच फॉर्म! साक्षीने भरलेला! 'आमच्या घरात स्विमिंग पूल नाही. पियानो नाही. पण माझी आजी आहे. ती अहिराणीत गोष्टी सांगते आणि रागावली की अहिराणीतच शिव्या देते.' आणि खाली पालकाची सही. माझी! न वाचता ठोकलेली! बावीस वर्षं क्वालिटीला आहे मी, कागद आला की सही, सवयच लागलीये हो हाताला! मॅडम सांगायला लागल्या, त्यांच्या आजीची पण खेड्यातली वेगळी बोली होती, आजी गेली, बोलीही गेली, घरात कुणाला चार वाक्यं येत नाहीत. म्हणून चाळीस फॉर्ममधून हे घर निवडलं. आजीसाठी! आणि आजी कुठे? सटाण्याला! ढेकणांमुळे!

साक्षीने काटा खाली ठेवला. नुसतं माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, पोरीची जर्मनी जाईल ती जाईल, पण ते बघणं... मी तसाच उठलो, आईला फोन लावला. "आई, ये बाई." "मेले का रे ढेकून?" म्हटलं, "मेले! सगळे मेले!"

दुपारच्या एसटीने आली. आल्या आल्या आत गेली आणि दारातच थांबली. "हाई कोनासाठे बसाडं रे?" मी म्हटलं, "तुझ्यासाठीच की!" तिने कमोडकडे बघितलं. मग शेजारी टांगलेल्या गुलाबी फुलांच्या कागदाच्या रोलकडे बघितलं. "आन हाऊ कागद?" मग बाहेर येऊन सोफ्यावरच्या उर्सुला मॅडमकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि काही बोलली नाही. आमची आई! रिक्षावाल्याला गल्लीच्या टोकापर्यंत सुनावणारी बाई, आणि काही बोलली नाही! जमीन दुभंगली असती तर मी उडीच टाकली असती.

पुढचे सात दिवस काय सांगू? मॅडम उंबऱ्यात, आई उंबऱ्यात, मध्ये वही. भाकरी, ठेचा, ठसका, आरडाओरडा, यादीतलं सगळं झालं! निरोप समारंभात उर्सुला मॅडम माईकवर म्हणाल्या, "पल्लवीबाई, तू कशी शे?" टाळ्याच टाळ्या! पल्लवी मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात ठेवला. साक्षीचं मे महिन्याचं नक्की झालं.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं! तर पुढच्या पाहुण्यांसाठी शाळेचं नवीन पत्रक: 'यजमानांच्या घरी आजी असणे आवश्यक. बोलीभाषा येत असल्यास प्राधान्य.' आता गंगापूर रोडच्या एक डॉक्टरीणबाई, त्यांच्या सासूबाई पुण्याला दिराकडे, आणि त्या आजी बोलतात इंग्रजी! मग बाई गाडी घेऊन, पेढे घेऊन आमच्या दारात. "देवरे, भागीबाईंना दहा दिवस द्या ना, शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे हो!" मी म्हणणार होतो आईला विचारू, तर आई पिशवी घेऊन गाडीत बसलेली!

त्यालाही महिना झाला. त्यांच्याकडचा पाहुणा कधीच विमानात बसून गेला. आई तिथेच आहे. इकडे कमोड रिकामा, उंबरा रिकामा, आणि मी रोज सकाळी कॉर्नफ्लेक्स खातोय, चौथा डबा चालू आहे. शेवटी काल फोन केला. म्हटलं, "आई, करमत नाही गं. कधी येतेस?"

तर म्हणते कशी, "येवाले काय रे भाऊ... पन तुन्हा घरमा ढेकूनसनं औषध मारेल शे ना? वास जाऊ दे."