बोंडाची वाइन आणि बाटलीवरचं गाव

मी कातळकोंडची, संगमेश्वरापासून वर चढून यायचं. सगळा कातळ, भात नावाला, काजू मात्र हवा तेवढा, आणि माझी आई त्या काजूच्या बोंडांची दारू गाळायची. लपवू कशाला? बाप मुंबईत गेला तो गेलाच, आई गाळायची म्हणून आम्ही जेवलो. दोनदा पोलिसांनी तिची मडकी फोडली, आणि शाळेत पोरं मला हाक मारायची, ए गावठी. सुरेखा हे माझं नाव मास्तरांना हजेरीपुरतंच आठवायचं.

आता काय सांगू तुम्हाला, त्याच बोंडाची वाइन निघते आमच्या खालच्या रस्त्याला. कारखाना झाला, मी फळं निवडायला लागले. मालक पुण्याचे, पहिल्याच दिवशी आम्हा बायकांपुढे भाषण, भारत आता वाइनचा देश होतोय, जग आपल्याकडे बघतंय. शेजारच्या काशीकाकू म्हणाल्या, पदर नीट घ्या गो, जग बघतंय.

त्यांनी एक तज्ज्ञ आणला होता, परदेशात शिकलेला, ग्लासात नाक घालून डोळे मिटायचा, वाटायचं झोपला. तो म्हणाला, खाली पडलेली बोंडं घाण, झाडावरची तोडा. अहो, बोंड तोडायचं नसतं! ते पिकलं की आपण होऊन पडतं, तेच उचलायचं, उन्हं यायच्या आत. तोडलेलं घशात खवखवतं, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. मी सांगितलं तर म्हणतो, ताई, शास्त्र वेगळं असतं. तोडली बोंडं. अख्खी टाकी अशी झाली की एक घोट घेतला तर जीभ टाळ्याला चिकटायची, आणि हा म्हणतो कसा, याला कॅरॅक्टर आहे! ते कॅरॅक्टर शेवटी खड्ड्यात ओतलं.

मग मालक हळूच विचारतात, सुरेखा, तुझी आई कसं करायची? जिची मडकी फोडली तिला गाडी पाठवून आणली, खुर्ची दिली. ती भट्टी लावायची, हे नुसतं आंबवून थांबतात, पण रस तोच आणि तिचं नाकही तेच. पुढच्या हंगामात ती सांगेल तसं केलं, आणि ती बाटली परदेशातनं पदक घेऊन आली.

रत्नागिरीत हॉटेलात सत्कार ठेवला. मालक बोलले, तज्ज्ञ बोलला, आई मागच्या रांगेत कप धरून. बाटलीवर नाव इंग्रजी आणि चित्र शिडाच्या जहाजाचं, आमच्या कातळावर जहाज! खरेदीला आलेल्या एका परदेशी बाईंनी विचारलं, हे फळ कुठल्या गावचं? आमच्या देशात बाटलीवर आधी गाव वाचतात. मालक म्हणाले, हे आमच्या संशोधन विभागाचं काम. संशोधन विभाग मागे चहा पीत बसला होता! मी उभी राहून म्हटलं, कातळकोंड. मालक हसले, म्हणाले, सुरेखा, पाहुण्यांना पाणी विचार.

त्यानंतर काशीकाकूंच्या पडवीत सगळ्या बसलो आणि ठरवलं, बाटलीवर गावाचं नाव नाही तर बोंड नाही. मी हाताने पत्रक लिहिलं, वाडीवाडीत वाटलं. सोपं नाही हो ते, हंगाम दोन महिन्यांचा, त्यावर वर्षाची मीठमिरची चालते. मालक म्हणतात, नाव फार गावठी वाटतं, परदेशी जिभेला वळायचं नाही. अहो मालक, त्यांच्या गावांची नावं तुम्ही जीभ वाकडी करकरून पाठ केलीत ना? पदक गळ्यात पडलं म्हणून देश मोठा होत नाही, आपल्या गावाचं नाव घ्यायची लाज गेली की होतो.

काल त्यांचा ड्रायव्हर नवं लेबल घेऊन आला, म्हणाला, घ्या, गाव टाकलंय. आईला वाचता येत नाही, म्हणाली, वाच गो. मी वाचलं, कोकणातील एका निसर्गरम्य गावातून. आई म्हणाली, एका म्हणजे कुठल्या? ड्रायव्हरनं लेबल उलटून मागे बघितलं. मग ती म्हणाली, बाबा, तुझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत काय छापशील, एका बापाची मुलगी?

लेबल परत गेलं. बोंडं पडतायत, गुरं खातायत, हंगाम सरत आला, आमच्या टोपल्या पालथ्या पडल्यात. मालकांचं देव भलं करो. पाच अक्षरांचं गाव आहे, तेवढी लिहायची बुद्धी पण देवो.