आठवड्यातली तिसरी भिकुबाई

मयुरी : झेरॉक्स नकोय मला, हितेंद्रभाऊ. लिहून हवंय.

हितेंद्र : आधी पंख्याखाली बस तरी. धुळ्याच्या देवपुरात मे महिन्यात दुपारी उभ्याने भांडायला आलेली तू पहिलीच. काय लिहून हवंय?

मयुरी : फेब्रुवारीत मी रिपोर्ट छापायला आणि बाइंडिंगला या दुकानात पेनड्राइव्ह दिला. त्यातला माझा प्रोजेक्ट तुम्ही काढून घेतला आणि दुसऱ्या पोरांना विकला. एवढंच. खाली सही, तारीख, दुकानाचा शिक्का. पाच वाजेच्या आत ते आमच्या सरांच्या टेबलावर पाहिजे.

हितेंद्र : नाहीतर?

मयुरी : नाहीतर प्रोजेक्टला शून्य आणि वर्ष परत. सोमवारी पुण्याच्या कंपनीची मुलाखत आहे, तीही गेली. माझ्या नावापुढे 'कॉपी' असा शेरा मारलाय.

हितेंद्र : कोणी मारला?

मयुरी : बाहेरून आलेल्या परीक्षकाने. या आठवड्यात त्याच्याकडे तीन कॉलेजं होती. सोमवारी जळगाव, काल इथलंच दुसरं, आज आमचं. मी प्रोग्राम सुरू केला, पडद्यावर पहिलं नाव आलं भिकुबाई. माणूस हसायलाच लागला. म्हणे, ही भिकुबाई मला आठवड्यात तिसऱ्यांदा भेटतेय.

हितेंद्र : कितीदा सांगितलं कार्ट्यांना, नावं बदला म्हणून. कव्हरवरचं स्वतःचं नाव तपासत नाहीत, आतलं काय बदलतील.

मयुरी : म्हणजे कबूल.

हितेंद्र : मी कुठे कबूल केलं. मी बोलतोय फक्त.

मयुरी : मी म्हटलं, सर, ती माझी आजी आहे, चोपड्याकडे गावात राहते. तर म्हणे, कालच्या मुलाने सांगितलं की भिकुबाई हे डेटाबेसचं नाव आहे. त्या मुलाला पन्नासपैकी पंचेचाळीस. मला म्हणे, उठा.

हितेंद्र : फाईल किती पानांची होती तुझी?

मयुरी : चाळीस.

हितेंद्र : तिथेच मेलीस तू. मी एकशेदहाच्या खाली फाईल दुकानाबाहेर जाऊ देत नाही. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. परीक्षक फाईल वाचत नसतो ताई, हातात धरून तोलतो. मी पण बीएस्सी कॉम्प्युटर आहे, माहितीय का तुला? फर्स्ट क्लास. मी पण एक प्रोजेक्ट स्वतः केला होता, सहा महिने डोळे फोडून. परीक्षकाने उघडलासुद्धा नाही. फाईल उचलली, खाली ठेवली, चहा आला का विचारलं. त्या दिवशी मला कळलं की या धंद्यात मशीन कुठलं घ्यायचं. हे बघ, हेच ते. झेरॉक्सचं.

मयुरी : तुमचा उघडला नाही, म्हणून माझा उघडून विकलात.

हितेंद्र : चिडू नको. माझ्याकडे वर्षाला साठ पोरं येतात. तीन वर्षं लॅबबाहेर चपला काढून आत गेलेली, आणि आत कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं कव्हर. कव्हर काढायचं नाही, धूळ बसते. जर्नल मागच्या वर्षीच्या पोराचं उतरवायचं. मग सहाव्या सेमिस्टरला अचानक सांगतात, प्रोजेक्ट आणा. कुठून आणतील? मी त्यांना पास करतो. कॉलेजने करायचं ते काम मी करतोय.

मयुरी : कॉलेजची घाण आहे ती. तुम्ही ती बांधून, वर सोनेरी अक्षरं मारून परत कॉलेजलाच देता. आणि मला आता माझाच प्रोजेक्ट हातात धरवत नाही. उष्टा झालाय तो. चार जणांनी चघळून ठेवल्यासारखा.

हितेंद्र : तीन जणांनी.

मयुरी : कागद घ्या आणि लिहा.

हितेंद्र : लिहिलं की उद्या तीन बाप माझ्या दारात. त्यापेक्षा असं कर, पुढच्या वर्षीपासून तू माझ्याकडे बस. तुझा हात चांगला आहे. तू बनव, मी खपवतो. ती खुर्ची तुझी, कूलर तुझ्याकडे फिरवतो.

मयुरी : थुंकायला कुठे जागा आहे तुमच्या दुकानात?

हितेंद्र : शिकलेल्या मुलीची भाषा बघा. असं काय मोठं होतं गं त्यात? विहिरीचं वेळापत्रकच ना शेवटी?

मयुरी : वेळापत्रकच. आमची विहीर समाईक आहे. आम्ही, तोतारामकाका आणि अजून एक घर. तिघांच्या केळीला एकच पाणी. ठरलेल्या पाळीत वीज गेली की कोणाची पाळी पुढे सरकते, यावरून दर उन्हाळ्यात डोकी फुटायची वेळ येते. माझा प्रोग्राम ते मोजतो आणि ज्याची पाळी आली त्याला फोन लावतो. आजीला वाचता येत नाही, म्हणून मी माझा आवाज भरला. आजी, तुझी पाळी आली, मोटर चालू कर. एवढंच बोलतो तो फोन.

हितेंद्र : चांगलं आहे की. वापरते का आजी?

मयुरी : वापरायची वेळच आली नाही. दोनदा तपासून बघितला आणि लॅपटॉप बंद करून परीक्षेला बसले. मार्चपासून आजीचंच बिनसलंय. भर उन्हात उठते, शेतात जाते, म्हणते मयुरीचा फोन आला. तोतारामकाकांच्या पाळीत जाऊन मोटर चालू करते. काकांनी चार माणसांत तिला पाणीचोर म्हटलं. साठ वर्षं त्या विहिरीवर गेली तिची. बाबांनी मला विचारलं, तू फोन केलास का? मी म्हटलं, नाही, तिला भास होत असतील. उद्या तिला जळगावला डोक्याच्या डॉक्टरकडे नेतायत.

हितेंद्र : वय झालं की होतं असं.

तेजस : हितेंद्रभाऊ, तोंड गोड करा. पंचेचाळीस मिळाले.

हितेंद्र : तेजस, भो, तू संध्याकाळी ये.

तेजस : पेढे तर घ्या. तुम्ही पण घ्या ना मॅडम. काय फाईल दिली भाऊंनी, परीक्षकाने दोन्ही हातांनी उचलली.

मयुरी : काल व्हायवा झाली का तुझी? भिकुबाईवाला प्रोजेक्ट?

तेजस : हो. तुम्हाला कसं कळलं?

मयुरी : डेटाबेस म्हणून सांगणारा तूच का?

तेजस : मग काय सांगणार. आदल्या दिवशी एआयला विचारलं, भिकुबाई कोण. तो म्हणाला, बहुधा संत कवयित्री असावी. म्हटलं, कॉम्प्युटरच्या व्हायवात संत कसा सांगायचा. डेटाबेस म्हटलं. सरांनी मान हलवली.

हितेंद्र : तू जा ना बाबा आता.

तेजस : जातो, पण भाऊ, एक काम अडलंय. सोमवारी पुण्याच्या कंपनीची मुलाखत आहे. ते म्हणे प्रोजेक्ट समजावून सांगायला लावतात. कोणी तासभर शिकवणारं असेल तर बघा ना. मला एवढंच माहितीय, ते हिरवं बटण दाबलं की खाली 'कॉल गेला' असं येतं. ते मात्र मी पाठ केलंय. पंधरा दिवस रोज दाबतोय.

मयुरी : काय दाबतोयस?

तेजस : टेस्टचं बटण. जेवण झालं की सराव करायचो, दोन-अडीचला. घरच्यांना पण दाखवलं. मावशी आली, तिला दाखवलं.

मयुरी : आणि फोन कुठे जातो?

तेजस : कुठेच नाही. माझ्या मोबाइलवर एकदाही आला नाही. बिघडलेलाच असेल तो भाग.

हितेंद्र : मयुरी? काय झालं? पाणी दे रे तिला.

मयुरी : नको. थांबा. माझं खातं उघडू द्या. फोन लावणाऱ्या कंपनीचं मोफतचं खातं आहे माझं. त्याची किल्ली, पासवर्डच समजा, मी कोडमध्येच ठेवली होती. पहिल्या वर्षाच्या पोरानेही करू नये अशी चूक. मोफत खात्यावरून फक्त एका नोंदवलेल्या नंबरवर फोन जातो. आजीच्या. ज्याच्याकडे ही फाईल गेली त्याने बटण दाबलं की फोन तिलाच.

तेजस : म्हणजे ती खरंच कोणीतरी आहे?

मयुरी : एक्याहत्तर. एक्याहत्तर कॉल गेलेत. चौदा मार्च, दुपारी एक दहा. पंधरा मार्च, सकाळी नऊ. ही बघ तुझी अडीचची रांग. दोन एकतीस, दोन बत्तीस, दोन पस्तीस. म्हातारी चपला घालून निघायची रे अडीचच्या उन्हात. तुझ्या मावशीला दाखवायला.

तेजस : मला काय माहिती. भाऊंनी सांगितलं नाही.

हितेंद्र : मला तरी काय माहिती? मी काय आतलं वाचतो?

मयुरी : कोणीच वाचत नाही आतलं. सर वाचत नाहीत, परीक्षक वाचत नाही, विकणारा नाही, घेणारा नाही. सगळ्या जळगाव-धुळ्यात तो प्रोग्राम फक्त एका बाईने खरा मानला, आणि तिलाच वाचता येत नाही. घरच्यांनी तिचा फोन बघितला होता. माझा नंबर नाही, कुठला तरी लांबलचक नंबर आहे, म्हणून तिलाच खोटं पाडलं. त्यात मी पण होते.

हितेंद्र : हे बघ, ते खातंबितं बंद कर. किल्ली बदल आणि विषय संपव.

मयुरी : सोमवारी सकाळी अकरा वीस. हा कॉल जळगावच्या व्हायवातला. त्या वेळी मी परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर लिहीत होते. उत्तरपत्रिकेवर पर्यवेक्षकाची सही आहे माझ्या. काल बारा पाच, हा तेजसचा. मग हे फोन मी केले का, हितेंद्रभाऊ?

हितेंद्र : कागद दे. लिहून देतो. तुला हवं तसं लिहितो, शिक्का पण मारतो. ती कॉलची यादी तेवढी सरांना दाखवू नको. माझं नाव विद्यापीठापर्यंत जाईल.

मयुरी : आता नको तुमचा कागद. खातं माझ्या नावावर आहे, ही यादीच पुरे.

हितेंद्र : मयुरी, माझी दोन लेकरं आहेत.

मयुरी : लेकरांना चांगलं शिकवा. इकडे पाठवू नका. प्रिंट काढा या यादीची. दोन प्रती. एक सरांना आणि एक तोतारामकाकांना.

तेजस : माझं काय होईल मग?

मयुरी : मला नाही माहीत. तू स्वतः जाऊन सांगितलंस तर कदाचित बरं होईल. नाही सांगितलंस तर यादीत तुझी अडीचची रांग आहेच. लॅपटॉप आणलायस ना? उघड. दाब ते बटण.

तेजस : आता?

मयुरी : आत्ता. एकदाच. मला माझ्या कानांनी ऐकायचंय.

तेजस : दाबलं. 'कॉल गेला' आलं.

हितेंद्र : मशीन बंद करू का? आवाज होतोय.

मयुरी : चालू राहू द्या, प्रिंट येऊ द्या. मिनिटभर थांबा, मग मी आजीला फोन लावते. हां, लागला.

(मयुरीने मोबाइल काउंटरवर ठेवून आवाज मोठा केला आहे.)

भिकुबाई : हां माय, बोल. निंघी ऱ्हायनी मी. चपला सापडत नही व्हत्यात.

मयुरी : कुठे निघालीस आजी?

भिकुबाई : वावरमा. आतेच तुना फोन उना ना, पाळी उनी, मोटर चालू कर. तुना बाप कोपरामा झोपेल शे, त्यानी चपला लपाडी ठेयात. तूच सांग त्याले. मी सांगस तर म्हनतस, आजीले भास व्हतस.

मयुरी : भास नाही होत आजी. फोन येत होते. बठ्ठे, सगळेच खरे होते. एक्याहत्तर.

भिकुबाई : मी मोज्या नहीत. पण फोन उनात, हाई खरं शे.

मयुरी : ती माणसं दुसरीच होती. बटण दाबून खेळत होती. चूक माझी आहे. मी आत्ता बाबांशी बोलते, काकांशी पण बोलते. उद्या डॉक्टरकडे जायचं नाही. तू घरात बस, ऊन आहे. आणि हे बघ, आता तो फोन आला ना, तर उचलू नकोस.

भिकुबाई : तुना आवाज ऱ्हास माय त्यामा. कसा नही उचलू?