तीन बोटांचं पाऊल

पण उन्हात बर्फावरचं पाऊल एवढं फुगायला किती वेळ लागतो, तेवढंच सांगा ना — मी डॉक्टरांना विचारलं, पोलिसाला विचारलं, त्या पेपरवाल्याला विचारलं, एकानं धड उत्तर दिलं नाही. तुम्ही तर पावलंच मोजता म्हणे, संग्रहालयातून टेप घेऊन आलात. बसा. पोत्यावर नको, कपडे पांढरे होतील — त्या खुर्चीवर बसा. दादाची आहे, पण बसा. कुणीतरी बसायला हवंच तिच्यावर.

हो, हाच तो ठसा. घ्या की हातात, फुटत नाही. दादा असता तर म्हणाला असता, गुठळ्या राहिल्यात. आम्ही दोघं भाऊ छताची नक्षी करतो — फुलं, वेली, कोपऱ्याच्या पट्ट्या, सगळं प्लास्टरचं. साचे तो कोरायचा, कालवायचो मी. करतो काय, करायचो. आता हे दुकान इतकं गप्प असतं की ब्रश खाली ठेवला तरी मी दचकतो. मला तो वादळ म्हणायचा. 'वादळ, पाण्यात प्लास्टर टाकायचं, प्लास्टरात पाणी नाही' — रोज तेच, रोज. त्या सोमवारी सकाळीही तेच म्हणाला आणि माझं डोकं सटकलं. म्हटलं, मग तूच कालव, मला तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही. खिंडीपलीकडे एका हॉटेलाचं छत करायचं होतं, बुधवारी दोघांनी गाडीनं जायचं ठरलेलं — त्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि चालतच निघाला. एकटा. दारात फक्त बूट वर करून दाखवला. 'पट्टी निघालीय रे.' मी मान वर न करता म्हटलं, उद्या ठोकतो. माणूस उंबऱ्याबाहेर पडतोय आणि हा म्हणतो उद्या ठोकतो! आहे का अक्कल?

पट्टी म्हणजे — घसरू नये म्हणून मी जुना टायर कापून त्याच्या बुटांच्या तळाला, पुढच्या बाजूला, उभ्या पट्ट्या ठोकल्या होत्या. चार-चार. उजव्याची एक निघाली होती. आता ठसा बघा. मोजा. तीन.

असं नका बघू माझ्याकडे. तेव्हा नाही ना कळलं! गुरुवारी लाकूडतोड्या धापा टाकत आला — डावा पाय चार बोटांचा, उजवा तीन बोटांचा, हात-हातभर लांब, दोन पायांवर गेलंय! वर बर्फात माणसासारखं केसाळ वानर राहतं, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. सगळे बघायला पळाले. मास्तर म्हणाले, भांडणात बोट तुटलं असणार. खाटीक म्हणाला, म्हातारा नर आहे, डावा पाय ओढतोय बघा, सोबत कुणी नाही त्याच्या. जो तो पंडित. आणि मग कुणीतरी म्हणालं, प्लास्टरवाल्याला बोलवा. मला! जन्मात पहिल्यांदा लोकांनी माझ्यासाठी वाट करून दिली. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, बर्फ विरघळतं, म्हणून आधी बारीक भुकटी भुरभुरायची, वर पाणी फवारायचं, गोठू द्यायचं, मग ओतायचं — अर्धा दिवस लागला. आणि तुम्हाला सांगतो, पाण्यातच प्लास्टर टाकलं मी. मनात म्हटलं, दादा आला की हे दाखवू, राग विसरेल. ठशावर हात ठेवून बसलो होतो, चांगली ऊब लागत होती हाताला. पुढे कुणी गेलं नाही. पुढे जनावर होतं ना.

दादा तिथून तीनशे बारा पावलांवर होता. मोजलीत मी. नंतर.

शुक्रवारी हॉटेलवाल्याचा फोन आला, कारागीर आलेच नाहीत अजून. शोधायला निघालो ते गाडीरस्त्यानं. एक पोलीस म्हणाला, त्या पावलांच्या बाजूनं बघायचं का? तर नको कोण म्हणालं? विचारा ना कोण. मी. म्हटलं, तिकडून जनावर गेलंय साहेब, माझा भाऊ तिकडे कशाला मरायला जाईल. हेच शब्द. वहिनी शेजारीच उभी होती.

शनिवारी सकाळी रिकामे हात स्वस्थ बसेनात म्हणून ठसा ब्रशनं साफ करायला घेतला. चौथं बोट जिथं असायला हवं तिथं काहीतरी टोचलं. खिळा. प्लास्टरात अडकून आलेला, डोकं वाकडं झालेला. माझा एक खिळा सरळ जात नाही, दादा त्यावरून हसायचा — सगळ्या गावात असा खिळा एकच माणूस ठोकतो. मी तसाच पळालो, अनवाणी.

दगडाला टेकून बसला होता. घोटा मोडला होता, मफलरनं बांधला होता — त्याचंच काम, गाठ कशी नीट. पिशवी मांडीवर. डॉक्टर म्हणाले, थंडीत नक्की वेळ सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला विचारतो — सोमवारचं पाऊल गुरुवारी एवढं होतं का? की बुधवारचंही होतं? मी ठशावर ऊब घेत बसलो होतो तेव्हा तो — आमचा आवाज गेला असेल ना तिथवर? मी हसत होतो हो. मोठ्यानं.

काय? थांबा. टेप लावून काय बघितलंत? नाही, नका बोलू. तुमच्या तोंडावर दिसतंय तुम्हाला कळलंय ते. नका सांगू, पाया पडतो. आत वहिनी आहे. ठेवा तो खाली. संग्रहालयाला नाही मिळायचा, ते वानरापाशी मांडतील त्याला. निघा तुम्ही. दार ओढून घ्या.

आणि बूट मागू नका. ते त्याच्या पायात गेले. वहिनी एवढंच म्हणाली, अनवाणी नको न्यायला. म्हणून मी या खुर्चीत बसून उजव्याची पट्टी ठोकली. खिळा सरळ गेला. मग बूट घातले त्याला आणि नाड्या बांधल्या. सावकाश.